सूचना: स्टॉक वर्गाच्या तपासणीआधी कागदपत्रे तयार ठेवा

सर्व सदस्यांना नमस्कार. ड्रॅग रेसिंगच्या (सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीच्या) स्टॉक वर्गात जुन्या अमेरिकन गाड्या उतरवणाऱ्यांनी मूळ कागदपत्रे आत्ताच शोधून ठेवावीत. त्या वर्षी, त्या मॉडेलवर कारखान्यातून मिळत होतं तेच ऑप्शन या वर्गात चालतं. डीलरने मागाहून बसवलेलं इंजिन चालत नाही.

शेवरलेची कॅमेरोच घ्या. १९६७ मध्ये कारखाना तिला ३९६ घन इंचांपेक्षा मोठं इंजिन देत नव्हता. ४२७ बसवून विकलं ते काही डीलरांनी. १९६९ मध्ये मात्र कोपो (कंपनीच्या मुख्य कार्यालयातून मंजूर होणाऱ्या खास) ऑर्डरवर ४२७ थेट कारखान्यातूनच आलं. त्यातल्या ॲल्युमिनियम इंजिनाच्या झेडएल-१ फक्त ६९ निघाल्या. म्हणून नुसता इंजिनाचा आकडा पाहून फॉर्म भरू नका. वर्ष आणि ऑर्डर दोन्ही जुळायला हवं.

वर्ग ठरतो तो वजन भागिले अश्वशक्ती या हिशोबाने, आणि अश्वशक्ती एनएचआरएने (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या नियामक संस्थेने) मान्य केलेलीच धरायची. फोर्डने १९६८ च्या ४२८ कोब्रा जेट इंजिनाला कागदावर ३३५ अश्वशक्ती दाखवली होती, खरी ताकद त्याहून बरीच जास्त. त्यामुळे ब्रोशर पुढे करून तपासनिसांशी हुज्जत घालू नये, ही कळकळीची विनंती.

ज्यांची कागदपत्रे हरवली आहेत त्यांनी नावनोंदणीआधीच कळवावं.