आफ्रिकन भाषा म्हणजे कुठली, तेवढं सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, विद्यापीठाच्या रस्त्याला पोरापोरांत बाचाबाची झाली आणि त्यातले 'आफ्रिकन तरुण आफ्रिकन भाषेत शिवीगाळ करत होते' म्हणून. भांडण कुणाचं, चूक कुणाची, ते मला माहीत नाही, त्यात मी पडत नाही. पण आफ्रिकन भाषा म्हणजे कुठली भाषा हो? उद्या आमच्या लातूरच्या पोराचं दिल्लीत कुणाशी वाजलं तर तिथला पेपर छापील का, की एक आशियाई तरुण आशियाई भाषेत शिव्या देत होता?

मी संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यात मेस चालवते, १४ वर्षं झाली. शिकलेली बारावी. पण माझ्या टेबलावर बसून जी पोरं जेवून गेली त्यांनी मला भूगोल चांगला शिकवला. ५४ देश आहेत तिकडं, भाषा दोन हजाराच्या आसपास, एकट्या नायजेरियातच पाचशेच्या वर. सध्या माझ्याकडं एक सुदानचा पोरगा आहे आणि एक इथिओपियाची पोरगी. दोन्ही देश एकमेकाला लागून, म्हणजे आपलं महाराष्ट्र-कर्नाटक समजा. तरी ह्याची अरबी तिला येत नाही आणि तिची अम्हारिक ह्याला कळत नाही. आपसात इंग्रजी बोलतात, आणि टीव्हीच्या रिमोटवरून भांडण लागलं की हिंदीत येतात, कारण शिव्या त्यांना आपल्याच गल्लीत मिळाल्यात. आता ह्यात आफ्रिकन भाषा कुठली धरायची ते तुमच्या वार्ताहरानं सांगावं.

त्या पोरीनं एकदा हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मला तिची अक्षरं काढून दाखवली. एक अक्षर घ्यायचं आणि त्याची सात रूपं, थोडं शेपूट इकडं, थोडा पाय लांब, की स्वर बदलला. मी म्हणलं अगं ही तर आमची बाराखडी झाली, फक्त तुमची सातखडी. अशी ३३ मूळ अक्षरं म्हणे. तिला मी वेरूळला पाठवलं होतं मेसच्या पोरींबरोबर, कैलास लेणं बघून आली आणि रात्री ताट पुढं तसंच ठेवून मोबाईलवर फोटो दाखवत बसली, लालिबेला नावाच्या गावचे. तिथं अखंड खडकात कोरलेली ११ चर्चेस आहेत, त्यातलं एक तर वरून खाली कोरत नेलेलं, जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात उभं देऊळ. आपलं कैलास त्याच्यापेक्षा चारपाचशे वर्षांनी जुनं, हे मी तिला सांगितलंच, तेवढा मान आपला आपण घ्यायचा.

सुदानच्या पोराचं वेगळं. तो आला तेव्हा पहिले दोन महिने नुसता भात खायचा, काय दिलं तरी मान खाली. एका दिवशी गॅस संपला म्हणून मी मागच्या अंगणात चुलीवर भाकरी टाकत होते, ज्वारीच्या, माहेरच्या पिठाच्या. हा हात धुवायला मागं आला आणि तिथंच उभा राहिला, वास घेत. मग म्हणतो, मावशी, ये तो हमारा है. त्यांच्याकडं ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, त्याला किसरा म्हणतात, आणि वर वाळवलेल्या भेंडीची पूड घालून केलेलं कालवण. मी म्हणलं, हट, ज्वारी आमची, मालदांडी कुठं पिकते माहीत आहे का तुला. तर तो हसला. वनस्पतीशास्त्राचा पोरगा तो, त्यानं मला नीट बसवून सांगितलं की माणसानं पेरून वाढवलेल्या ज्वारीचा सगळ्यात जुना पुरावा पूर्व सुदानात सापडलाय, खश्म अल-गिरबा नावाच्या जागी, मातीच्या खापरांत कोंड्याचे ठसे उमटलेले, पाच हजार वर्षांपूर्वीचे. बाजरी पण तिकडचीच, पार पश्चिमेला माली देशाकडची. आणि चिंच पण! मला तर दोन दिवस भाकरी थापताना तेच डोक्यात. आपण म्हणतो मराठवाड्याचा माणूस ज्वारीवर वाढला, मग वाढवलं कुणी?

त्याच्या आजीची गोष्ट सांगते, मग पुढं जाते. ती नुबियन, नाईलच्या काठची, वादी हाल्फा गावची. इजिप्तनं आस्वानला मोठं धरण बांधलं आणि मागचं पाणी सुदानात शिरलं, तेव्हा १९६४ सालापासून तिथल्या पन्नासेक हजार लोकांना रेल्वेत बसवून लांब पूर्वेला नेऊन वसवलं. गावाचं नाव ठेवलं न्यू हाल्फा, म्हणजे त्या खश्म अल-गिरब्याच्याच बाजूला. खजुराची झाडं, घरं, कबरी सगळं पाण्याखाली. माझी सासू नाथसागरात गेलेल्या गावची, उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर जाऊन हात करून दाखवायची, ते बघ तिथं आमचा वाडा होता. त्यामुळं त्या पोरानं सांगायला सुरुवात केली आणि मला पुढचं न सांगता कळत गेलं. फक्त सासूची भाषा गेली नाही, त्याच्या आजीची चाललीय. हजार-बाराशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या पोथ्या आहेत त्या नुबियन भाषेत, आणि ह्या नातवाला तिच्यातले शब्द येतात वीस-पंचवीस, तेही जेवणाचे आणि रागवायचे. तो म्हणतो, घरी होतो तेव्हा मी हाल्फावाला होतो, खार्तुमला शिकायला गेलो तर सुदानी झालो, आफ्रिकन मी तुमच्या बसस्टँडवर उतरल्यावर झालो. एप्रिल २०२३ पासून तिथं लष्कर आणि निमलष्करी दलात लढाई लागली, आई-बहिणी घर टाकून पोर्ट सुदानला गेल्या, फोन लागला तर लागला. त्या दिवसात तो जेवायचा नाही, ताट झाकून ठेवायची मी.

आणि हे सगळं आपल्या शहरात, साहेब. औरंगाबाद म्हणा, संभाजीनगर म्हणा, त्याच्या आधी खडकी होतं आणि ते खडकी १६१० साली वसवलं मलिक अंबरनं. तो इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादवरून फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. जहांगीर बादशहाला आयुष्यभर त्याला हरवता आलं नाही म्हणून शेवटी त्यानं चित्रात त्याचं मुंडकं भाल्यावर लावून त्याला बाण मारून घेतला, असलं चित्र खरंच आहे. भडकल दरवाजा त्याचा, १६१२चा. डोंगरातून खापरी नळांनी शहरात पाणी आणणारी नहर त्याची. आम्ही आठवड्याला एकदा येणाऱ्या नळाची वाट बघतो तेव्हा मला त्याचीच आठवण येते. शहाजीराजे भातवडीला १६२४ साली त्याच्याच बाजूनं लढले. माझं माहेर परंड्याचं, अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी त्यानं तिथं परंड्याच्या किल्ल्यात मांडली होती, आणि आम्ही पोरी त्या किल्ल्यात चिंचा पाडत मोठ्या झालो तरी शाळेत कुणी आम्हाला हे सांगितलं नाही. १६२६ साली गेला, खुलताबादला कबर आहे.

आता त्याच शहरात इथिओपियाच्या पोरीला रिक्षा स्टँडवर पोरं 'ए हबशी' म्हणून ओरडतात. पहिल्यांदा ती रडत येईल असं मला वाटलं होतं. आली आणि विचारते, मावशी, ह्यांना कसं कळलं? तिच्याकडं लोक स्वतःलाच अभिमानानं हबेशा म्हणतात, त्या मुलखाचंच जुनं नाव, तिथूनच आपला शब्द आला. मी खरं काय ते सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, शब्द बरोबर आहे, बोलायचं कसं ते चुकतंय.

तुमचा वार्ताहर हुशार पोरगा असणार, मला त्याच्याशी भांडायचं नाही. इथून पुढं देश लिहा, एवढंच. सुदानी लिहा, इथिओपियन लिहा, केनियाचा असला तर तसं लिहा, भाषा माहीत नसली तर त्या पोराला विचारा, तो सांगतो. आणि वार्ताहराला एक दिवस माझ्याकडं जेवायला पाठवा, पैसे घेणार नाही. भाऊ शनिवारी परंड्याहून नवी ज्वारी आणतोय, त्या पोरानं रविवारी किसरा करून दाखवायचं कबूल केलंय. पीठ आंबवायला आदल्या रात्री ठेवावं लागतं, म्हणून येणार असला तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.

आपली,
बेगमपुऱ्यातली एक मेसवाली