वहीतलं एक पान

आशाताई, नमस्कार.

अमळनेर तालुक्यातून धुळ्याला पेशंट आला, तेव्हा चिठ्ठीला तुमच्या वहीचं पान टाचलेलं होतं. ‘11 दिवसांपूर्वी ताप. काल सकाळी 6, पायांना मुंग्या. रात्री 9, बेंबीखाली बधिर. आज पहाटे 5, लघवी अडली, पायस्मा जीवच नही म्हणतो.’ त्या पानाबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

पाय लुळे पडले की बरेचदा आधी कमरेचाच एमआरआय काढला जातो आणि तो नॉर्मल येतो. येणारच, कारण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. बेंबीची पातळी छातीच्या 10व्या नसेची. बिघाड तिथे किंवा त्याच्या वर. तुमच्या ‘बेंबीखाली’मुळे पहिल्याच खेपेला मान आणि छातीचा एमआरआय झाला. गाठ, क्षयाने खचलेला मणका, सरकलेली गादी, कशाचाच दाब नव्हता.

मग वेळा कामी आल्या. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला तर पाय बहुधा 4 तासांच्या आत जातात. बी-12 कमी पडून झालं तर आठवडे, महिने लागतात. इथे 23 तास लागले, म्हणजे संशय मज्जारज्जूच्या दाहाचा: ट्रान्सव्हर्स मायलायटिस. पाठीतल्या पाण्यात वाढलेल्या पांढऱ्या पेशींनी त्याला दुजोरा दिला.

दाह कशाने, हा प्रश्न जास्त किचकट. तापानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जारज्जूवर उलटते. डेंग्यू, चिकनगुनिया, नागीण यांनंतर हे घडू शकतं. कधी मुळाशी ल्युपस किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असतो, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे हे जुनाट आजार. सूज सलग 3 किंवा जास्त मणक्यांइतकी लांब असली की अ‍ॅक्वापोरिन-4 आणि मॉग या अँटिबॉडी (स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटणारी रक्तातली प्रथिनं) तपासायच्याच. पहिली निघाली तर झटका पुन्हा येण्याची भीती असते, औषध वर्षानुवर्षं चालतं. तपासणीचं रक्त, प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) बदलण्याचा उपचार करण्याआधी घ्यावं लागतं, नाहीतर अँटिबॉडी धुऊन जातात आणि रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. दाह उतरवणारं स्टेरॉइड मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज 1 ग्रॅम, 5 दिवस, मात्र रिपोर्टसाठी थांबवत नाहीत. एवढं करूनही अनेकांत कारण हाती लागत नाहीच.

अशा पेशंटला पुढे दोन प्रश्न आणखी विचाराल का? अलीकडे एका डोळ्याने अंधुक दिसलं होतं का, आणि दिवसेंदिवस न थांबणारी उचकी किंवा उलटी झाली होती का. दोन्ही खुणा अ‍ॅक्वापोरिनकडे बोट दाखवू शकतात.

तापलेल्या विटेचा शेक तुम्ही थांबवलात, तेही बरं केलंत. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही.

पान परत पाठवतोय, फाइलला झेरॉक्स लावली आहे.

– वॉर्डातले डॉक्टर, सिस्टर आणि फिजिओ