डॉक्टर मॅडम, बोट न घातल्याबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फिशरसाठी, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या चिरेसाठी, कुणी जाहीर आभाराचं पत्र लिहितं का, असं म्हणून लोक हसतील. हसू देत.

पहिल्याच तपासणीत तुम्ही डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंत, त्वचा अगदी हलक्या हाताने बाजूला केलीत, उजेडात पाहिलंत आणि म्हणालात, "चीर दिसली. आज आत बोट घालणार नाही, तपासणीची नळीही नाही. दुखणं कमी झालं की बघू." या एवढ्या बोलण्यासाठी हे पत्र.

गुदद्वाराचा आतला स्नायू आपल्या ताब्यात नसतो. चीर पडली की तो आवळतो, आवळला की तिथलं रक्त कमी होतं, आणि रक्तच पोचेना तर जखम भरणार कुठून? बहुतेक चिरा मागच्या बाजूला मधोमध पडतात आणि नेमका तिथलाच रक्तपुरवठा मुळात तुटपुंजा. अशा जागी जबरदस्तीने तपासलं तर माणूस आणखी आवळून घेतो, पुढच्या शौचाची धास्ती वाढते, आणि तपासणाऱ्याच्या हातीही फारसं काही लागत नाही. त्या दिवशी तुमचा चांगुलपणा आणि तुमचं वैद्यकशास्त्र एकच गोष्ट सांगत होते.

आधीच्या डॉक्टरांना हे सुचलं नाही. एकाने खुर्चीवरून न उठता 'मूळव्याध' लिहिलं आणि स्टिरॉइडचं मलम दिलं. साध्या मूळव्याधीत रक्त पडतं, पण सहसा दुखत नाही. शौचानंतर तासन्‌तास काच फिरल्यासारखं होतं ते फिशरमध्ये, एवढं तरी विचारायचं! दुसऱ्याने ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक दिलं, जे स्वतःच बद्धकोष्ठ करतं. तिसरीकडे तर पाहण्याआधीच लेझरच्या पॅकेजचा भाव कळला.

तुमचं औषध साधं, पण माप नेमकं. डिल्टियाझेम 2 टक्के मलम, वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा, कडेला आणि जेमतेम अर्धं पेर आत. ट्यूबचं टोक खुपसायचं नाही. हे वेदनाशामक नाही, स्नायू सैल करणारं आहे, म्हणून न दुखणाऱ्या दिवशीही लावायचं आणि 8 आठवडे पुरे करायचे. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. स्नायू सैलावला की दुखणं आधी थांबतं, कातडी मात्र जुळायची असते. मलम बंद होतं, एक कडक शौच होते आणि चीर पुन्हा उघडते. मग 'औषध लागू पडत नाही' अशी ओरड.

शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात 10 ते 15 मिनिटं बसायचं. त्यात जंतुनाशक घालायचं नाही, कारण इथे जंतू मारायचे नसून ऊब द्यायची असते. जंतुनाशकाने आग तेवढी वाढते. मग घासायचं नाही, टिपायचं. इसबगोल आधी एक चमचा, मग दोन, पण दर वेळी ग्लासभर पाण्यात कालवून लगेच, आणि दिवसभर पाणी भरपूर. कमी पाण्यावर इसबगोल घेणं म्हणजे उलटा उपाय. जहाल चूर्णंही नकोत, वारंवार पातळ झाल्यानेही चीर चिडते. शौचाची भावना झाली की थोपवायची नाही. भीतीने थोपवलं की आतडं पाणी शोषत राहतं आणि मळ दगड होतो. कमोड असेल तर पायाखाली पाट. मोबाइल बाहेर!

'ऑपरेशन लागेल का?' यावरही तुम्ही सरळ उत्तर दिलंत. 8 आठवड्यांनंतरही भरलं नाही, कडेला कातडीचा कोंब आणि चिरेच्या तळाशी स्नायूचे धागे दिसू लागले, तर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा त्या स्नायूला छोटा छेद. छेदाने 10 पैकी 9 हून अधिक जण बरे होतात, पण थोड्यांचा वायूवरचा ताबा सैल होतो, म्हणून बाळंतपणात इजा झालेल्या बायकांत जास्त विचार करून. चीर मधोमध नसून बाजूला असेल, तर क्षयरोग किंवा क्रोन्सचा (आतड्याला सतत सूज येण्याच्या आजाराचा) शोध आधी. यातलं काही लपवलं नाहीत आणि कशाने घाबरवलंही नाहीत.

तुमच्या सिस्टर पडदा पूर्ण ओढतात. काउंटरवरच्या दादांनी भरल्या वेटिंग रूममध्ये आजाराचं नाव पुकारलं नाही, नुसतं 'मॅडमकडे पुढचे' म्हणाले. अशा गोष्टींचं बिल होत नाही; ज्यांना जमतात त्यांना त्या सहज जमतात, आणि ज्यांना जमत नाहीत त्यांची पाटी कितीही मोठी असली तरी उपयोग नाही.

एक विनंती आहे. चिठ्ठीच्या मागे तुम्ही हाताने जे लिहून देता, ते मराठीत छापून घ्या आणि शेजारच्या मेडिकलवाल्यांकडेही ठेवा. 'दुखणं थांबलं तरी मलम चालू' ही ओळ तेवढी जाड अक्षरात.

आपली कृतज्ञ,
एक पेशंट