हिमवादळ येण्यापूर्वी

तीर्थरूप आई व बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

येत्या हिमवादळाची बातमी पाहिल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही, हे काल बाबांच्या आवाजावरूनच मला कळले. फोनवर घाईघाईत सांगितले की काळजी उलट वाढते, म्हणून इथे काय तयारी चालली आहे आणि खरा धोका कशात असतो, ते सविस्तर लिहीत आहे.

असे वादळ आता सहसा अवचित येत नाही. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागाला झोडपून काढणाऱ्या वादळाचा अंदाज तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने सुमारे पाच दिवस आधी दिला होता आणि काही राज्यांनी बर्फ पडण्यापूर्वीच आणीबाणी जाहीर केली होती. नेमका किती बर्फ पडणार, हे मात्र शेवटपर्यंत सांगता येत नाही. पाऊस आणि हिम यांच्यामधली सीमा थोडीशी सरकली, तरी एका गावात दोन फूट थर साचतो आणि शेजारच्या गावात नुसता चिखल होतो. त्यामुळे बरेच लोक आकडा पक्का होण्याची वाट पाहत बसतात आणि मग सगळे एकदमच दुकानाकडे धावतात. दूध, पाव आणि अंडी यांच्या फळ्या पाहता पाहता रिकाम्या होतात. या धावपळीला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही, कारण संकट दिसत असताना हाताला काही काम मिळाले की मनाला धीर येतो. पण त्या गर्दीत नेहमीची औषधे आणि टॉर्चचे सेल हमखास राहून जातात, म्हणून आमच्या यादीत तेच सर्वांत वर होते.

रस्त्यांवर आदल्या दिवशीच मिठाचे पाणी फवारले गेले आहे आणि ते वाळून डांबरावर समांतर पांढऱ्या रेघा उमटल्या आहेत. त्यामुळे बर्फ रस्त्याला घट्ट चिकटत नाही. मात्र तापमान उणे ९ अंशांच्या खाली गेले की साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही.

आई, तुला भीती थंडीची वाटते. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती ऐन वादळात घराबाहेर पडण्याची. ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जोराचा वारा आणि ४०० मीटरपलीकडचे दिसू नये अशी अवस्था तीन तास टिकली, की अमेरिकेत त्या वादळाला ‘ब्लिझर्ड’ म्हणतात. फेब्रुवारी १९७८ मध्ये बॉस्टनजवळच्या एकाच महामार्गावर ३,००० हून अधिक गाड्या अडकून पडल्या होत्या. अडकलेल्या गाडीच्या सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले आणि इंजिन चालूच राहिले, तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो; त्याला वास नसतो, त्यामुळे माणसाला पत्ताही लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या परिसरात ४० हून अधिक माणसे दगावली; त्यांपैकी काही गाडीत सापडली, काही रस्त्यावर, तर काही वीज गेलेल्या थंड घरात. रुग्णवाहिकाही बर्फात अडकल्यामुळे अनेकांपर्यंत मदत वेळेवर पोहोचली नाही. म्हणून कार्यालयाने बोलावले तरी मी निघणार नाही, आणि तसे मी त्यांना आधीच कळवले आहे.

घरातल्या हीटरचा धूर सोडणारी नळी भिंतीतून जिथे बाहेर निघते, तिथला कोपरा मी आजच मोकळा केला आहे. वाऱ्याने तिथे बर्फाचा ढीग लागला तर तोच विषारी वायू घरात उलटा येतो. वीज गेली तर जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये लावायचा नाही, असे आमचे पक्के ठरले आहे. नळ गोठून फुटू नयेत म्हणून रात्री बारीक धार सोडून ठेवू. दार बंद ठेवले तर फ्रिज चार तास आणि गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस थंडावा टिकवतो.

शेजारच्या आजी एकट्या राहतात. काल संध्याकाळी त्यांच्या गोळ्यांच्या डब्या टेबलावर ओळीने मांडून, प्रत्येकीत आठवडाभर पुरतील एवढ्या गोळ्या आहेत ना, ते आम्ही दोघींनी मोजून पाहिले. बर्फ काढायला फावडे हाती घ्यायचे नाही, हेही त्यांच्याकडून कबूल करून घेतले. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि त्यातच ओला, जड बर्फ उचलण्याचे श्रम पडतात. वादळ ओसरल्यावर हृदयविकाराचे झटके येतात ते यामुळेच. त्यांच्या दारातला बर्फ आम्ही काढू, तोही थोडा थोडा, शक्यतो न उचलता ढकलून.

आता एक विनंती. वीज गेल्यास मोबाइलची बॅटरी जपावी लागेल, म्हणून मी रोज सकाळी आणि रात्री एकेक संदेश पाठवीन आणि मधल्या वेळेत फोन बंद ठेवीन. टॉवर बंद पडला तर एखादा संदेश चुकेलही. तसे झाले तर बाबा, तुम्ही आधी दादाला फोन करा. शेजारच्या घरांचे क्रमांक मी त्याच्याकडे देऊन ठेवले आहेत.

तुमची लेक