उभ्या ट्रॉलीचे टायरही जुने होतात

महोदय,

उसाचा हंगाम संपला की मराठवाड्यातील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उन्हापावसात बांधावर उभ्या राहतात आणि दिवाळीच्या सुमारास, टायरची नक्षी शिल्लक आहे एवढेच पाहून, थेट फडात नेल्या जातात. मात्र उन्हात रबर न झिजताही कडक होते. टायरच्या बाजूवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्यास तो भरल्या ट्रॉलीखाली ठेवू नये. टायरवरील ‘२३१९’ अशा चार अंकांवरून तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाल्याचे कळते. जुना टायर स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी (आणि घेणारे पुष्कळ आहेत) ते अंक जरूर वाचावेत. हवा टायर थंड असतानाच तपासावी आणि चाक बदलल्यावर थोडे अंतर जाऊन नट पुन्हा आवळावेत. कारखान्यांनी वाहतुकीचा करार करताना कागदपत्रांसोबत चाकेही तपासावीत, ही विनंती.

– एक ऊस उत्पादक, जि. परभणी