मास्तर, पाना तुझ्याकडंच आहे ना?

पोळ्याचा दुसरा दिवस, रात्री साडेदहा

प्रिय मास्तर,

दीड वर्षात माझं पत्र नाही. तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मी "रानात आहे, मग बोलतो" म्हणून ठेवला. तेव्हा आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. इकडं सगळं बरं आहे. माझी शुगर होती तिथंच आहे. अण्णा ब्याऐंशीचे झालेत, कमी ऐकतात. सोयाबीन पिवळं पडलंय. झालं.

लिहायचं कारण म्हणजे आपला फर्ग्युसन ट्रॅक्टर चालू झाला.

हसू नको. चिंचेखालच्या पत्र्याच्या शेडमधला, कोंबड्या अंडी घालायच्या तोच. यंदा सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेत झेंडावंदन झालं की तो मैदानात उभा करायचा आणि त्याला फळी लावायची, असं ग्रामपंचायतीत ठरलं. फळीवरचा मजकूर अण्णांनी तोंडपाठ सांगितला: "याच ट्रॅक्टरवरून १९४८ साली निजामाच्या रझाकारांच्या तावडीतून गावकऱ्यांना पैनगंगेपलीकडं सुखरूप नेलं." हे वाक्य तू आणि मी किती वेळा ऐकलंय ते सांगायला नको. त्यावरून आपली नववीत झालेली मारामारीही सांगायला नको. माझ्या भुवईवर खूण अजून आहे, रोज दाढी करताना तुझी आठवण येते.

मेकॅनिक आणला तो पंचविशीतला पोरगा. लांबूनच बघून म्हणाला, "हा तर मॅसीचा थर्टीफाइव्ह." म्हणजे आपल्या गाडीनंतरचं लाल मॉडेल. आता अण्णांनी त्याला दर पोळ्याला बैलांच्या शिंगांबरोबर लाल हिंगूळ फासलाय, त्याला तो पोरगा काय करणार? पण मी म्हणलं, बाबा, सीटच्या उजव्या हाताला बघ. हायड्रॉलिकचा, म्हणजे मागचं अवजार उचलायचा दांडा एकच आहे. थर्टीफाइव्हला दोन असतात, एक नांगराच्या ओढीचा आणि एक अवजार पाहिजे त्या उंचीवर धरून ठेवायचा. इंग्लंडात ती जोडी १९५६ मध्ये थर्टीफाइव्हबरोबर आली. आपल्याला फक्त ओढीचा आहे. नांगर खोल शिरला की वरची दांडी पुढं रेटते, स्प्रिंग दबते आणि लिफ्ट आपोआप थोडी उचलते. आजोबा म्हणायचे ना, "जमीन दांडा हलवती, माणूस नाही"? ती फुशारकी नव्हती, अक्षरशः तसंच आहे. गिअरही पुढचे चारच. पोरगा गप झाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा तरी मास्तर झालो.

चालू करताना तुझी फार आठवण आली. सातवीच्या सुट्टीत तू दोन तास स्टार्टरचं बटण शोधत होतास आणि आजोबा ओट्यावर बसून मजा बघत होते. गिअरचा दांडा "एस" वर नेला की स्टार्टर फिरतो, त्यामुळं गिअरमध्ये असताना चालूच होत नाही. टाकीला झाकणं दोन. लहान कप्प्यात पेट्रोल, मोठ्यात रॉकेल. पेट्रोलवर चालू करायचा, तापला की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा, आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर, नाहीतर सकाळी उठत नाही. आता रॉकेल आणायचं कुठून? पेट्रोलच ओतलं. पॉइंट घासले, प्लग नवे टाकले, कार्बोरेटर धुतला. चौथ्या झटक्याला खोकला, काळा लोट सोडला आणि लागला. कोंबड्या अजून त्या शेडकडं फिरकत नाहीत.

मग मी हुशारी करायला वर बसलो. क्लच समजून त्याच्या शेजारचा डावा ब्रेक दाबला, गाडी गर्रकन वळली आणि धाकट्या काकांची वैरणीची गंजी गेली. ते एक भांडण अजून चालू आहे.

लिफ्ट मात्र उचलेना. पोरगा म्हणाला, पंप गेला, पाच-सहा हजार लागतील. अण्णा खुर्चीवर बसले होते. सकाळी चहा घेतला का नाही ते त्यांना आठवत नाही, पण तिथून ओरडले, "अरं डावीकडचा खालचा दांडा वढ, पीटीओचा!" ओढला. लिफ्ट वर! ह्या गाडीचा पंप पीटीओच्या, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टवरच फिरतो, तो दांडा सुटलेला असला की हायड्रॉलिक मेलेलं. अण्णा टाळ्या वाजवत होते रे. मी त्यांना कधी टाळ्या वाजवताना पाहिलं नव्हतं.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण डॅशवर स्टेअरिंगखाली ती पाटी आहे ना, रंगाचे इतके थर की नुसता लाल फुगवटा दिसायचा. फळीवर नंबर टाकू म्हणून मी थिनरचं फडकं आणि दाढीचं पातं घेऊन बसलो. आधी लाल निघाला, मग खाली निळा (हा कुणी दिला?), मग दुसरा लाल, आणि शेवटी करडा. फर्ग्युसनचा मूळचा रंग करडाच. खाली "कव्हेंट्री" दिसलं, इंग्लंडातलं कारखान्याचं गाव. मग अक्षरं दिसली: टी, ई, डी.

टी म्हणजे ट्रॅक्टर, ई म्हणजे इंग्लंड. नुसतं टी-ई असतं तर काही बिघडत नव्हतं, त्या गाड्या १९४६ पासून निघत होत्या. टी-ई-ए असतं तरी चाललं असतं. पण डी म्हणजे रॉकेलवाली, आणि ती १९४९ मध्ये निघाली. पुढचा आकडा २ लाख ६ हजारांतला. नांदेडच्या जुन्या पार्टवाल्याकडं सालवार नंबरांचा झेरॉक्स आहे. १९५१ ची सुरुवात १ लाख ६८ हजारांच्या आसपास, १९५२ ची २ लाख ४१ हजारांवर. म्हणजे आपला १९५१ चा, तोही वर्षाच्या मध्यावरचा. पुढं बोट, मुंबई, आणि मग आपलं गाव.

जिंकलास. नववीत तू हेच म्हणाला होतास, "तुझ्या आजोबांनी फेकलंय."

पण मास्तर, खरी गोष्ट पुढंच आहे आणि ती तुलाच सांगता येते. तुझी आज्जी काय म्हणायची? एक, "तुह्या आजानं आम्हाला बैलगाडीतून नदीपल्याड नेलं, पाणी जुवाला लागलं होतं." आणि दुसरं, "ट्रॅक्टर आला अन् आमची पळसाची पट्टी गेली." मी दोन्हीला हसायचो. बैलगाडी म्हणते म्हणजे म्हातारीला विसर पडलाय, आणि ट्रॅक्टर आल्यानं जमीन कशी जाईल, असं वाटायचं. तू मात्र हसायचा नाहीस.

१९५० ला हैदराबादचा कुळकायदा आला. जमीन स्वतः कसायची आहे म्हणून दाखवलं तर मालकाला कुळाकडून ती परत घेता यायची. आणि १९५१ चा ट्रॅक्टर. स्वतः कसतो हे दाखवायला ह्याहून मोठा पुरावा कोणता? मी ती पाटी हातात पातं धरून किती वेळ बघत बसलो कोण जाणे. जेवायला बोलवायला आलेली पोरगी म्हणाली, "बाबा, काय झालं?" म्हणलं, डोळ्यात थिनर गेलं.

बैलगाडीतून नेलं तेही खरं असणार. पुरात बैल घालायला छाती लागते. आणि तीन वर्षांनी त्याच माणसानं त्याच लोकांची पट्टी नांगरली, तेही खरं असणार. अण्णा तेव्हा एकदा पाच वर्षांचे, एकदा आठ. त्यांच्या डोक्यात बैलं गेली आणि तिथं ट्रॅक्टर बसला. ते खोटं बोलत नाहीत रे. नदीचं पाणी सांगताना त्यांचा हात अजून थरथरतो.

आता फळीवर काय लिहू? १९४८ लिहिलं तर मी तुझ्या आज्जीला दुसऱ्यांदा खोटं पाडतो, आणि यावेळी कळून सवरून. १९५१ लिहिलं तर अण्णा विचारतील, मग गावकऱ्यांना काय चालत नेलं का? आणि बाकीचं मी त्यांना ब्याऐंशीव्या वर्षी ओरडून सांगू? हो, ओरडूनच, कारण हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. सगळी आळी ऐकेल. बायको म्हणते, सालच लिहू नका. पेंटर दोनदा येऊन गेला. "फर्ग्युसन" एवढं रंगवून घेतलंय, पुढची जागा मोकळी आहे.

तुझ्या आज्जीनं त्या बैलांची नावं सांगितली होती का? मला अंधूक आठवतंय, एक ढवळ्या होता. दुसरा कोण? तुला आठवत असेल तर कळव. आणि पट्टीबद्दल ती आणखी काही म्हणाली असेल, तू मला कधी सांगितलं नसशील, तेही लिही. वाईट असलं तरी लिही.

धाकटीची ॲडमिशन झाली का? कुठं मिळाली? वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? पुण्यात पाऊस फार आहे असं बातम्यांत दाखवतात. घराचे हप्ते संपले असतील आता.

अजून एक. फर्ग्युसनबरोबर आलेला तो लांब पाना, अंगावर इंचांच्या खुणा असलेला, आजोबा टाकीत बुडवून रॉकेल मोजायचे तो. मारामारीनंतर दुसऱ्याच दिवशी तो गायब झाला आणि मार मी खाल्ला. तुझ्याकडं आहे हे मला तेव्हापासून माहीत आहे, मी कुणाला बोललो नाही. तो ठेवून घे म्हणलो असतो, तेवढा हक्क आहे तुझा. पण ह्या गाडीच्या जवळपास सगळ्या नटांना त्याचीच दोन तोंडं लागतात. मोठ्या तोंडाच्या जागी आपला २७ मिलिमीटरचा पाना बसतो. धाकट्याच्या जागी १७ चा जात नाही आणि १८ चा घसरतो, चार नट गोल करून बसलोय. सतरा तारखेच्या आत ये. येताना घेऊन ये, जाताना परत ने.

तुझा,
डब्बल