सातव्या दिवशी वाइनच्या बाटलीला झाकण नको

मा. संपादक,

कालच्या रविवार पुरवणीतली मनुकांच्या वाइनची कृती वाचली. नाताळ तोंडावर आहे, काही घरांत कालच बरण्या भरल्या असतील, म्हणून लगेच लिहीत आहे.

‘सातव्या दिवशी गाळून काचेच्या बाटल्यांत भरा आणि झाकण घट्ट लावा’ हे वाक्य छापायलाच नको होते. एक किलो साखर पुरती आंबली की साधारण अर्धा किलो अल्कोहोल होते आणि जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड. त्या वायूला अडीचशे लिटर जागा लागते! सातव्या दिवशी बुडबुडे मंदावतात, साखर संपलेली नसते. लिटरमागे उरलेली २४ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे, बंद बाटलीत आंबली तर शॅम्पेनइतका दाब तयार होतो. शॅम्पेनची बाटली त्यासाठीच जाड काचेची करतात. सरबताची बाटली तो दाब सोसत नाही, फुटते.

गाळलेला रस अरुंद तोंडाच्या बरणीत घालावा, बुचातून नळी काढून तिचे टोक पाण्यात बुडवावे. वायू बाहेर जातो, चिलटे आत येत नाहीत. हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रव पाण्यापेक्षा किती जड ते दाखवणाऱ्या तरंगत्या नळीवर (पाणी १.०००, साखर असेल तर जास्त), ०.९९५ च्या आसपास एकच आकडा सलग तीन दिवस दिसला की मग बाटली भरावी. आकडा १.०२० वर अडकला असेल तर आंबणे संपलेले नाही, थांबले आहे. ऊब मिळाली की ते पुन्हा सुरू होते.

ते अडकते कशाने, तेही तुमच्याच कृतीत आहे. तीन लिटर पाण्याला दोन किलो साखर! इतक्या गोडात यीस्टच्या पेशीतलेच पाणी बाहेर ओढले जाते. मनुकांचेही निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच असते. अर्धा किलो मनुका घेतल्या तर सगळे मिळून साडेचार लिटर होईल इतक्या पाण्याला सातशे ग्रॅम साखर पुरे, बारा-तेरा टक्क्यांची वाइन होते. कोरडे यीस्ट एक छोटा चमचा. तुम्ही दोन मोठे चमचे सांगितलेत, त्याने पावाचा वास येतो. आणि ते उकळत्या पाकात टाकायला सांगितलेत, तिथे ते मरूनच जाईल. पाक ३५ अंशांपर्यंत कोमट होऊ द्यावा लागतो.

छायाचित्रात तर पितळेचे पातेले आहे. आंबट रसात तांबे उतरते. काच किंवा स्टील वापरावे, हे स्वयंपाकाच्या पानाला माहीत असायला हवे.

महाराष्ट्रात घरी मद्य बनवायला परवाना लागतो, याचाही लेखात उल्लेख नाही.

येत्या रविवारी सातवा दिवस भरतो. त्याआधी, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापावी. कोणी आधीच बाटल्या बंद केल्या असतील तर त्या हिंदकळू देऊ नयेत. जाड टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि पुरत्या गार झाल्यावर, तोंड आपल्यापासून दूर धरून, झाकण हळूहळू सैल करावे.

एक वाचक, वसई